चौथ्या बुधवारचं व्रत

प्रीपेड मोबाइलला बिल नसतं. बिल यायचं तर आधी काहीतरी वापरावं लागतं, त्याचे पैसे थकावे लागतात आणि मग ते मागायला कुणीतरी यावं लागतं. इथे पैसे आधीच मोजलेले असतात. तरीही घराघरांत महिन्यातून एकदा कुणीतरी कपाळावर हात मारून म्हणतंच, ‘अरे, मोबाइलचं बिल भरायचं राहिलं!’ भाषेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या माणसाने इथे टोकायला हरकत नाही. पण तो टोकत नाही, कारण त्याचंही राहिलेलं असतं.

मराठी मध्यमवर्गाचा संसार मागाहून पैसे देण्यावर उभा राहिला. वाण्याची वही होती, दूधवाल्याचं कार्ड होतं, पेपरवाला महिना संपल्यावर पावती घेऊन यायचा. महावितरणसुद्धा बहुतेकांना आधी वीज जाळू देतं आणि मग बिल धाडतं. ज्यांचे पैसे खरोखर थकलेले असतात ती माणसं मागताना निम्मी ओशाळलेली असतात. ‘काकू, मागच्या महिन्याचं तेवढं राहिलं होतं, सवडीने द्या,’ असं म्हणेपर्यंत दूधवाला दोन पायऱ्या उतरलेलाही असतो. मोबाइल कंपनीचं तर प्रीपेडवाला एका पैशाचं देणं लागत नाही. पण पॅक संपायला तीन दिवस उरले की तिचा सूर सावकाराचा होतो. सकाळी मेसेज, दुपारी मेसेज, संध्याकाळी पुन्हा मेसेज. कुणाला फोन लावावा तर पलीकडे रिंग वाजण्याआधी एक बाई गोड आवाजात आपली पत काढते. ‘आगाऊ’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. पहिल्या अर्थाने पैसे ग्राहक भरतो, दुसरा अर्थ कंपनी सांभाळते.

देशातल्या दर दहा मोबाइल जोडण्यांतल्या सुमारे नऊ प्रीपेड आहेत. म्हणजे ही काही चार विसराळू माणसांची गोष्ट नाही.

खरी मेख आहे ती ‘वेळेवर’ या शब्दात. वेळ कुणाच्या घड्याळाची आणि महिना कुणाच्या पंचांगातला? स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. तिथी-वार बघण्याइतकाच त्याचा उपयोग चौकटीत बारीक अक्षरात टिपून ठेवायला होतो: सिलिंडर कधी लावला, दूध कुठल्या दिवशी नको सांगितलं, कामवाल्या मावशींचे खाडे किती झाले. आता त्याच चौकटीत ‘बाबा २९९’, ‘आई जुना नंबर’, ‘चिनू नेट’ अशा नोंदी होतात. गंमत अशी की सिलिंडर, दूध आणि मावशी हे तिघंही कालनिर्णयाला मानतात. मोबाइल मानत नाही. त्याचा महिना २८ दिवसांचा.

एखाद्याने नव्या वर्षाचा संकल्प म्हणून १ जानेवारी २०२५ रोजी २८ दिवसांचा पॅक मारला असेल, तर त्याची पुढची तारीख आली २९ जानेवारी. मग २६ फेब्रुवारी. मग २६ मार्च, कारण अख्ख्या वर्षात फेब्रुवारी हा एकच महिना कंपनीशी जुळवून घेतो. त्यानंतर २३ एप्रिल, २१ मे, १८ जून अशी ती तारीख उतारावरच्या सायकलीसारखी मागे मागे घरंगळत गेली आणि ३ डिसेंबरला तेरावा रिचार्ज झाला. तो संपला ३० डिसेंबरला. म्हणजे ३१ डिसेंबरला, लोक केक कापत असताना, हा गृहस्थ वर्षातला चौदावा पॅक मारत होता.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असतं. सूर्याशी त्याचा मेळ बसावा म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगकर्ते एक अधिक महिना धरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ च्या वाट्याला अधिक ज्येष्ठ. कंपन्यांना एवढा धीर नाही. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, तेव्हा त्यांचा अधिक मास दर वर्षी ठरलेला. अधिकात जावयाला तीस-तीन अनारसे द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. इथे जावई कोण, हे सांगायला नको. खरा जावई निदान ताट पुढे आलं की ‘अहो कशाला, कशाला’ असं दोनदा म्हणतो.

२०२२ च्या जानेवारीत ट्राय या नियामकाने यावर आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक पॅक ठेवायचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणाराही निदान एक ठेवायचा. ३१ तारखेला मारला आणि पुढच्या महिन्यात ३१ नसलीच तर काय? तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरायची. इतका बारीक विचार पगारवाढीच्या बाबतीत कुणी करताना दिसत नाही. असे पॅक आले, आहेत. पण जाहिरातीत झळकतो तो २८ चाच, आणि लोकांच्या तोंडी बसला आहे तोही २८ चाच.

मात्र एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. २८ ला सातने पूर्ण भाग जातो. तारीख कितीही घरंगळली तरी वार हलत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थाचे चौदाच्या चौदा रिचार्ज बुधवारी आले. ५६ दिवसांचा पॅक घ्या, ८४ चा घ्या, सातची पट सुटत नाही, तेव्हा वारही सुटत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, असे वार वाटून टाकलेल्या समाजाला खरं तर तारीख लक्षात ठेवायची गरजच नव्हती. दर चौथ्या बुधवारी रिचार्ज करायचा, इतकं सोपं व्रत आहे. उद्यापन मात्र नाही.

हिशेबी माणसं या व्रतातूनही वाट काढतात. पेन्शनवर असलेले, डोळ्यांवर वाचायचा चष्मा चढवून पॅकची यादी वरून खाली वाचणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि दिवसाला दीड जीबीचा २३९ चा पॅक २९९ झाला, त्या आठवड्यात या काकांना झोप नव्हती. २९९ भागिले २८, दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे. ८४ दिवसांचा ७९९ ला, दिवसाला नऊ रुपये एक्कावन्न पैसे. हे आकडे त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात मांडले आणि सकाळी फिरायला आलेल्या चौघांना ऐकवले. दिवसाला एक रुपया सतरा पैसे वाचले, या आनंदात त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. चहाचे साठ रुपये झाले.

काकांचा दुसरा विशेष म्हणजे ते पॅक संपायच्या आठ दिवस आधीच रिचार्ज करतात. मग उरलेले दिवस बुडाले की काय, ही धास्ती. नवा पॅक ‘रांगेत’ आहे, जुना संपला की आपोआप सुरू होईल, असं मुलगा सांगतो. काकांना ते पटत नाही. आयुष्यभर रेशनच्या, रॉकेलच्या आणि रेल्वे आरक्षणाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला रांगेत काहीही आपोआप होत नाही हे पक्कं ठाऊक असतं.

एके काळी काका यापेक्षा धाडसी होते. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. त्या काळात बोलायचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जायचा, आणि दुसऱ्याने केलेला फोन उचलला तरी आपलेच पैसे कापले जायचे. फोन हे तेव्हा पट्ट्याला लावायचं आभूषण होतं. तो वाजला की काका पाऊचमधून बाहेर काढायचे, आजूबाजूला चार जणांनी पाहिलं आहे याची खात्री करून घ्यायचे, नंबर वाचायचे, फोन कापायचे आणि समोरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत जाऊन एक रुपयाचं नाणं टाकून उलट फोन करायचे. मोबाइलचा खर्च आटोक्यात ठेवायचा एवढा अचूक उपाय पुन्हा सापडला नाही.

मग स्क्रॅच कार्डं आली. कार्डावरचा राखाडी पट्टा नाण्याने खरवडायचा आणि खालचा लांबलचक आकडा फोनमध्ये भरायचा. जोर कमी पडला तर आकडा दिसत नसे, जास्त झाला तर आकडाच खरवडून निघे. शेवटून तिसरा तीन आहे की आठ, यावर अख्खं घर उजेडात जाऊन मतदान करायचं. कार्डावर ‘फुल टॉकटाइम’ असेल तर तो दिवस सणाचा. नसेल तर दहाच्या रिचार्जवर बोलायला किती मिळतात ते पाहावं: आज जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क कापून हातात उरतात सात रुपये सत्तेचाळीस पैसे. दहाची नोट देऊन एवढी शांतपणे मोड करून घेणारा समाज दुसऱ्या कुठल्या दुकानात भांडल्याशिवाय राहिला नसता.

सणाचं नाव निघालं म्हणून, एसएमएसचे स्वस्त पॅक दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला चालत नसत. त्याला ‘ब्लॅकआउट डे’ असं युद्धकाळात शोभणारं नाव होतं. त्यामुळे पाडव्याच्या शुभेच्छा धनत्रयोदशीलाच येऊन थडकायच्या. आता पॅकमध्ये रोज १०० एसएमएस असतात, २८ दिवसांचे २,८००. आता पाठवायचं कुणाला?

आणि भूगोल वेगळाच. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई हे एक परिमंडळ आहे आणि ‘महाराष्ट्र व गोवा’ हे दुसरं. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी पनवेल मागे टाकून घाटाकडे वळली की फोन थरथरायचा आणि त्यावर झळकायचं, ‘महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.’ एकशे पाच, पुढे एकशे सात हुतात्मे मोजणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राला खोपोलीच्या अलीकडे दिलेला हा धक्का कुणी फारसा मनावर घेतला नाही, कारण सगळे दुसऱ्याच चिंतेत असत: रोमिंग लागलं! दादरला बॅलन्स भरून निघालेला माणूस लोणावळ्याला चिक्की घेईपर्यंत फोनने कफल्लक झालेला असे.

या सगळ्यातून सामान्य माणसाने जो मार्ग काढला तो मिस्ड कॉल. येणारे कॉल फुकट झाले ते १ मे २००३ पासून, म्हणजे नेमके महाराष्ट्र दिनी, आणि त्यानंतर मिस्ड कॉलला खरा बहर आला. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे खाली ये, मी गाडी लावायला जागा नाही म्हणून फिरतोय. तीन म्हणजे आता तू फोन कर, काम तुझंच आहे. या लिपीला व्याकरण नव्हतं, तरी चूक सहसा होत नसे. चूक व्हायची ती पलीकडच्याने चपळाईने फोन उचलला तर. ‘अरे उचललास कशाला?’ या प्रश्नाने सुरू होणारं आणि तिथेच संपणारं संभाषण एका पिढीने हजारदा केलं आहे. पुढे याच युक्तीने मोठी कामं झाली. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवला. खिशातला एक पैसा न जाता क्रांतीत सहभाग, ही सोय स्वातंत्र्यलढ्यात नव्हती.

त्या काळात एक मोह मात्र अनेकांना आवरला नाही: ‘लाइफटाइम’. २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांना आजीवन व्हॅलिडिटी मिळू लागली. एकदा भरा आणि सुटा. काकांनी आपल्या आईसाठी असं एक सिम घेतलं. पुढे नियामकानेच खुलासा केला की इथे लाइफटाइम म्हणजे ग्राहकाचं आयुष्य नव्हे, कंपनीच्या परवान्याचं. आजींच्या तब्येतीची काळजी करणाऱ्या घराला दूरसंचार परवान्याच्या तब्येतीचीही काळजी करायला हवी होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यातल्या कित्येक कंपन्या आज नकाशावर नाहीत. आजी आहेत. नव्वदी ओलांडली, शिरा लागतो.

आजींना आता कुणी वर्षाचा पॅक सुचवला की त्या हात झटकतात. ‘वर्षाचा कशाला रे? आधी मी राहते का बघू.’

रिचार्ज आता बहुतेक लोक फोनवरूनच करतात, वर एक ते तीन रुपये ‘सोयीचं शुल्क’ही मुकाट देतात. पण गल्लीच्या तोंडाचं दुकान अजून टिकून आहे. वर पाटी ‘जनरल स्टोअर्स’, खाली कागदावर हाताने लिहिलेलं ‘सर्व कंपन्यांचे रिचार्ज मारून मिळतील’. मराठीत रिचार्ज करत नाहीत, मारतात. बॅलन्सही मारतात, मिस्ड कॉलही मारतात. काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, शाम्पूच्या पुड्यांची माळ, आणि बरणीमागे आकडे झिजलेला एक जुना बटणांचा फोन. मोठ्या व्यवहाराला दुकानदार अजून तोच वापरतो. स्मार्टफोनवर तो मॅच बघत असतो.

‘दादा, दोनशे नव्व्याण्णव मारा.’

‘नंबर सांगा, मावशी.’

‘अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी…’

‘एकोणऐंशी म्हणजे? सेवन नाइन का एट नाइन?’

‘एकोणऐंशी म्हणजे एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी.’

‘मावशी, एकेक आकडा सांगा ना. इंग्लिशमध्ये सांगितलं तरी चालेल.’

शेजारी चॉकलेट घ्यायला आलेला पाचवीतला मुलगा सांगतो, ‘सेवन नाइन.’ मावशींना ते मान्य नसतं, पण पिशवी जड असते. पुढचे सहा आकडे दुकानदार वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतो, मोठ्याने परत म्हणतो, मावशी ‘हो, हो’ म्हणतात. दुकानातल्या सगळ्यांना आता मावशींचा नंबर पाठ झालेला असतो.

आणि यातल्या एखाद्या ‘हो’ने घोळ होतो. शेवटचा सहा नऊ होतो आणि २९९ रुपये भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊन पडतात. मग दुकानदार त्या नंबरला फोन लावतो.

‘दादा, तुमच्या नंबरवर चुकून दोनशे नव्व्याण्णवचा रिचार्ज गेलाय.’

‘कुठून बोलताय?’

‘साताऱ्यावरून.’

‘मी परभणीत आहे.’

‘हो, पण रिचार्ज तुम्हालाच आलाय ना?’

‘आलाय. मी म्हटलं पोरानं मारला असंल. दोन दिवस सांगत होतो त्याला.’

‘मग पैसे…’

‘बघतो. पोराला विचारतो.’

पोराला अर्थातच विचारलं जात नाही. परभणीच्या त्या घरात मुलाची किंमत मात्र दोन-तीन दिवस वाढलेली राहते, आणि इकडे मावशी ‘मी एकोणऐंशीच सांगितलं होतं’ यावरून मागे हटत नाहीत.

तरुण पिढीचा प्रश्न निराळा. तिला बोलायचंच नसतं, त्यामुळे पॅक संपला तरी ती घाबरत नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीचे महिने नेट फुकट वाटलं गेलं, आणि त्याआधी एका जीबीवर महिना काढणाऱ्या देशाला एक जीबी दुपारपर्यंत पुरेना. आता दिवसाचा दीड जीबी असतो. दुपारी निम्मा संपल्याचा मेसेज येतो, रात्री दहाला नव्वद टक्के, आणि सव्वादहाला वेग येऊन ठेपतो ६४ केबीपीएसवर. या वेगाला फोटो वरून खाली उतरतो, पूर्वी लग्नात अंतरपाट उतरायचा तसा: आधी मुंडावळ्या, मग कपाळ, मग बराच वेळ काहीच नाही. मुलं रात्री बाराची वाट बघत बसतात. कोटा नवा होतो तेव्हा. एरवी बाराला जागं राहणारी माणसं वर्षातून दोनदाच दिसायची, कृष्णजन्माला आणि थर्टी फर्स्टला.

पॅकच संपला तर हॉटस्पॉट. पूर्वी शेजारी वाटीभर साखर मागायला यायचे, आता ‘पाच मिनिटं हॉटस्पॉट दे ना’ म्हणतात. साखर निदान कधीतरी परत यायची. आणि या उसनवारीला एक अधिकृत भाऊही आहे: कंपनी स्वतःच बॅलन्स उसना देते. दहा घ्यायचे, पुढच्या रिचार्जमधून बारा-तेरा कापले जायचे. वाण्याची वही बंद पडली म्हणून हळहळणाऱ्यांनी ही वही बघितलेली नसते.

सगळ्यात वाईट अवस्था प्रवासात येते. पॅक संपला आहे, रिचार्ज मारायला नेट हवं, नेट यायला रिचार्ज हवा. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच. नव्या फोनवर यूपीआय सुरू करायला गेलं तर ते आधी त्या सिमवरून एक एसएमएस पाठवायला बघतं, आणि एसएमएस जायला बॅलन्स हवा. वैतागून नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा म्हटलं, तरी १९०० या क्रमांकावर एसएमएसच करावा लागतो. एसएमएस नसलेले पॅक घेतलेले लोक म्हणून सोडूनही जाऊ शकत नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला सांगावं लागलं की पॅक कुठलाही असो, हा एक एसएमएस जाऊ द्या.

खरा कस लागतो तो दुसऱ्याच्या नंबरचा. म्हणजे गावाकडच्या आईच्या.

रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका गावातली अशी एक आई डोळ्यांसमोर आणावी. फोन बटणांचा. त्याला नेट चालत नाही, तरी गेली कित्येक वर्षं त्यात रोजचा दीड जीबी येऊन पडत होता आणि मध्यरात्री वाया जात होता. महिन्याचे झाले ४२ जीबी. आंबा असा वाया गेला असता तर तिने लोणचं घातलं असतं. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅकही ठेवायला लावले, तेव्हा कुठे हे थांबलं. रिचार्ज मारतो मुलगा. तो कधी ठाण्याला असतो, कधी न्यू जर्सीला. आपलाही भारतातला नंबर तो जिवंत ठेवून आहे, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येतो. एकच माणूस तीन सिमांचे तीन वार सांभाळतो. त्यातला आईचा गुरुवार एकदा चुकला.

आईला ते कळलंच नाही. तिचा फोन सुरू होता, बॅटरी भरलेली होती, घड्याळ बरोबर दाखवत होता. येणारे कॉलही पॅकला बांधले गेल्याला आता काही वर्षं झाली, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. फोन वाजत नाही याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता, कुणाला आपली आठवण येत नाही. तिकडे मुलाला वाटलं, फोन लागत नाही म्हणजे रेंज गेली; पावसात गावचा टॉवर बसतोच. दोन दिवस दोघांनी एकमेकांवर मनातल्या मनात राग धरला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून फोन आला.

‘बरा आहेस ना? की विसरलास?’

‘अगं आई, तुझाच लागत नाहीये. रिचार्ज संपला असणार.’

‘संपला कसा? मी कुठे कुणाला फोन केला?’

या वाक्याला उत्तर देणं कठीण. न वापरलेली गोष्ट संपते कशी, हे तांदूळ, रॉकेल आणि सरपणावर घर चालवलेल्या बाईला पटवून देणारा शब्द अजून मराठीत तयार व्हायचा आहे. ‘व्हॅलिडिटी’ म्हणून तो सुटला.

कोविडच्या टाळेबंदीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, असे कितीतरी फोन मुके पडायची वेळ आली होती. दुकानं बंद, रिचार्ज मारणार कोण? तेव्हा कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या ग्राहकांची मुदत वाढवून दिली आणि वर दहा रुपयांचा टॉकटाइमही टाकला. नंबर कायमचा हातून जायला तसे बरेच दिवस लागतात: ९० दिवस काहीच वापर नसेल तरच, आणि खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस. त्यानंतर मात्र तोच नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. मग एखाद्या कॉलेजातल्या पोराला कोकणातून अनोळखी बाईचा फोन येतो, ‘नमू आहे का?’ आणि त्याला नमू कोण हे सांगता येत नाही.

तर मुलाने लगेच रिचार्ज मारला. पाच मिनिटांनी त्याच्या फोनवर आईचा नंबर झळकला, एक रिंग वाजली आणि बंद झाली. त्याने उलट फोन लावला.

‘आई, आत्ताच भरले ना पैसे? अनलिमिटेड आहे. कितीही बोल, कितीही वेळा लाव. कट का केलास?’

‘असू दे,’ आई म्हणाली. ‘आत्ताच भरलेत ना, लगेच कशाला संपवायचे? तू लाव.’